मीटरमधला ‘डी’ गेला की समजा: जुनी ऑटोमॅटिक पिकअप, अकरा महिन्यांनंतर

परवाच्या पावसात दहिसर नाक्यावर गाडी अडकायचा पुन्हा तोच तमाशा झाला असता, तर हे लिहायला बसलोच नसतो, गाडी विकून मोकळा झालो असतो. झाला नाही, म्हणून लिहितोय.

डबल कॅब (सीटांच्या दोन रांगा, मागे मालाचा हौदा), डिझेल, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारी. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. ८८ हजार किलोमीटर झालेली, सेकंडहँड घेतली. घर बोरिवलीला, चिकूची वाडी डहाणूकडे, म्हणजे दर आठवड्याला जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या वर. पहिले सात महिने तक्रार शून्य. घोडबंदरच्या फाट्यापाशी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, तिथे डावा गुडघा शाबूत राहतो, यातच पैसे वसूल.

मग जून आला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मागून कोणीतरी ढकलल्यासारखा झटका. साठ-सत्तरच्या स्पीडला गाडी थरथरायची, जणू रंबलर स्ट्रिपवरून चाललोय. आणि एका रविवारी, मागे चिकूचे क्रेट, वर धो धो पाऊस, अन् वर्सोवा पुलाच्या अलीकडे गाडी एकाच गिअरात अडकली. इंजिन बोंबलतंय, गाडी चाळीसच्या पुढे जाईना. याला लिंप मोड म्हणतात. काहीतरी बिनसलं की कॉम्प्युटर गिअरबॉक्स वाचवायला एकच गिअर धरून बसतो. बंद करून चालू केली की थोडा वेळ शहाण्यासारखी वागते. तशीच दोनदा बंद-चालू करत दहिसरपर्यंत आलो. टोल माफ झालाय २०२४ मध्ये, रांग मात्र माफ झालेली नाही. त्या रांगेत तिसऱ्यांदा अडकली. मागचे हॉर्न अजून कानात आहेत.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनरचे बाराशे घेतले आणि दोन दिवसांनी कोटेशन पाठवलं: गिअरबॉक्स असेंब्ली बदला, २ लाख ७४ हजार, मजुरी वेगळी. ऑइल बदलून बघू का, असं विचारलं तर उत्तर, ‘सर, ते लाइफटाइम असतं.’ वाडीतल्या पंपाचं ऑइल मी दरवर्षी बदलतो, आणि तो पंप जागचा हलतसुद्धा नाही!

मी ऑइल बदललंच. नवं ऑइल सरबतासारखं लालभडक असतं. आमचं निघालं काकवीसारखं, वासही करपट. एक गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं. प्लग काढून सांडतं ते अर्ध्याहूनही कमी, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बसून राहतं. म्हणून मध्ये दोन-तीनशे किलोमीटर चालवून तीनदा बदललं. या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी नाही. गाडी सपाट उभी, इंजिन चालू, ऑइल कोमट, आणि लेव्हलच्या प्लगमधून बारीक धार लागली की बस्स. थंड ऑइलवर लेव्हल बघणारा मेकॅनिक दिसला तर चावी परत मागा. थरथर गेली. मी घरी जाहीर करून टाकलं की पावणेतीन लाख वाचले.

पाऊस पुन्हा लागला, आणि गाडी परत अडकली.

इथे माझं मत फिरलं, आणि श्रेय बायकोचं. विरारच्या पुढे ती म्हणाली, ‘अहो, तो डी गेला.’ मीटरमध्ये नखाएवढा ‘डी’, म्हणजे ड्राइव्ह, दिसतो, कुठल्या गिअर पोझिशनला आहोत ते सांगणारा. झटका बसला त्याच क्षणी तो गायब. त्यानंतर तीन फेऱ्या तिला मोबाइलवर फक्त त्या अक्षराचं शूटिंग करायला लावलं. प्रत्येक वेळी आधी ‘डी’ जातो, मग गाडी अडकते. आता ऑइल कितीही खराब असलं तरी मीटरमधलं अक्षर कशाला पुसेल? ते अक्षर येतं गिअरबॉक्सच्या कुशीला लावलेल्या रेंज स्विचकडून. लिव्हर कुठे आहे ते तो स्विच कॉम्प्युटरला कळवतो. तो मुका झाला की कॉम्प्युटर घाबरून लिंप मोडमध्ये.

मग डॅशबोर्डच्या खणातून सर्व्हिस सेंटरचा बाराशेचा कागद काढला. त्यावर दोन कोड छापलेले: पी ०७०० आणि पी ०७०५. पहिल्याचा अर्थ एवढाच, की ट्रान्समिशनला, म्हणजे गिअरबॉक्सला, काहीतरी सांगायचंय. दुसरा म्हणजे रेंज स्विचच्या सर्किटमध्ये बिघाड. म्हणजे रोगाचं नाव कागदावर लिहून दिलं होतं, आणि खाली कोटेशन अख्खा गिअरबॉक्स बदलायचं! स्वतःचा कागदही कोणी वाचला नाही. याचा राग अजून उतरलेला नाही.

जोगेश्वरीच्या वायरिंगवाल्याने गाडीखाली शिरून रेंज स्विचचा कनेक्टर सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. रबरी सील चिरलेलं, पिनांवर हिरवट बुरा, आत थेंबभर पाणी. ‘साहब, गिअरबॉक्स नहीं, पानी है.’ त्याने एक पिन बदलली, बाकीच्या साफ केल्या, ग्रीस भरून नवं सील बसवलं आणि बॅटरीची अर्थिंगची पट्टीही घासून दिली. साडेसहाशे रुपये.

पण प्रत्येक झटका साडेसहाशेत सुटणारा नसतो. आरपीएम चढतोय, गाडी उचलत नाही आणि ‘डी’ जागेवर आहे, तर आतल्या क्लच प्लेट झिजल्या असू शकतात. ऑइल गुलाबी मिल्कशेकसारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, रेडिएटरमधल्या ऑइल कूलरमधून किंवा तुंबलेल्या रस्त्यावर ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून. मग गाडी चालू न करता टो करा. आणि लिव्हर ‘पी’ म्हणजे पार्कमधून निघतच नसेल तर आधी मागचे ब्रेक लाइट लागतात का बघा, बऱ्याचदा ब्रेक पेडलमागचा स्विच गेलेला असतो.

आता दोन महिने झाले, गाडी एकदाही अडकलेली नाही. सकाळी थंड असताना दुसरा-तिसरा अजून किंचित आपटतो, गरम झाली की थांबतो. त्यावर आणखी पैसा घालणार नाही. मायलेज दहाच्या आत-बाहेर, त्याबद्दल न बोललेलं बरं.

मधल्या काळात घाईघाईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना रेंज स्विच आणून ठेवला होता, तो लागलाच नाही. याच मॉडेलवाल्या कुणाला हवा असेल तर सांगा. अठराशेला घेतलाय, सतराशेला देईन. मल्टिमीटर लावून तपासून घ्या.