पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला : आमच्या गल्लीजवळच्या स्त्रीरोग दवाखान्याचा अनुभव

माझं वय 52. पाळी जाऊन चौदा महिने झाले होते. कालनिर्णयवर तारखेला लाल गोल करायची सवय, म्हणून हिशोब पक्का. आणि फेब्रुवारीत एका सकाळी परकराला डाग दिसला.

जाऊबाई म्हणाल्या, "पाळी परत आली, चांगलं आहे की!" माझ्या मनात मात्र दोन गोष्टींची भीती. एक कॅन्सरची. दुसरी बोलायचीही लाज वाटावी अशी, या वयात दिवस गेले तर? घरात सून सात महिन्यांची गरोदर. आधी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी न तपासता "उष्णता असेल" म्हणत रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. त्यात माझे तीन आठवडे गेले. त्याचा राग अजून आहे.

मग या दवाखान्यात आले. इथल्या मॅडमनी दोन्ही प्रश्न नीट ऐकून घेतले. मी जुनं कालनिर्णय पिशवीतून काढलं, त्यांनी प्रत्येक गोल बघितला. म्हणाल्या, बारा महिने सलग पाळी नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर जे जातं ते रक्त, पाळी नव्हे. बीजकोशातून बीज सुटायचं थांबलेलं असतं, तेव्हा डाग दिसला म्हणून मूल राहण्याची ताकद परत येत नाही. पाळी पन्नाशीच्या आत गेली तर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष दिवस राहू नयेत याची काळजी घ्यायची असते. माझं ते वर्ष उलटलेलं. माझ्या खांद्यावरचं ओझंच उतरलं.

कॅन्सरबद्दल त्यांनी खोटा धीर दिला नाही. बहुतेक जणींचं कारण साधं निघतं, गर्भपिशवीचं आतलं अस्तर सुकलेलं किंवा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली छोटी गाठ. पण शंभरात आठ-दहा जणींना अस्तराचा कॅन्सर निघतो, म्हणून एक थेंब दिसला तरी तपासायचंच. चिठ्ठीच्या मागे बॉलपेनने उलट्या पेरूसारखी गर्भपिशवी काढून आतलं अस्तर दाखवलं. आतून सोनोग्राफी केली. अस्तर 4 मिलिमीटरच्या आत असलं तर काळजी कमी, माझं 7 निघालं. म्हणून बारीक नळीने अस्तराचा तुकडा तपासायला घेतला. दोन मिनिटं कळ आली, सिस्टरने हात धरला होता.

तक्रार आहे ती बाहेरच्या टेबलावरची. "शेवटची पाळी कधी?" हे सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतात. पुरुष बसलेले असतात हो! शिवाय रिपोर्ट आल्याचा फोन आला नाही, दहाव्या दिवशी मीच चौकशी केली. ते दहा दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक.

रिपोर्ट साधा पॉलिपचा. नंतर दुर्बिणीने काढला, संध्याकाळी घरी. मॅडमसाठी पाच तारे, टेबलासाठी दोन. सकाळी साडेदहाच्या आत जा, आणि तुमचं कालनिर्णय बरोबर घ्या.