मिरजेत जवारी करून घेतली, आणि खाँसाहेब ऐकू आले

आत्याचा जनानी, म्हणजे बायकांच्या सुराचा तंबोरा माझ्याकडे आला तेव्हाच त्याची जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीची नाद घुमवणारी घडण, गेलेली होती. तार छेडली की ‘टण्’ व्हायचं आणि विझून जायचं. सहा वर्षं तो कोपऱ्यात उभा होता आणि माझा रियाज इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर चालला होता. यंदा दिवाळी झाल्यावर मिरजेला नेला. सांगलीहून दहाएक किलोमीटरच, पण वडापमध्ये, म्हणजे भरून जाणाऱ्या शेअर गाडीत, तंबोरा मावत नाही. स्वतंत्र रिक्षा करायची आणि भोपळा मांडीवर धरून बसायचं.

सतारमेकर गल्लीतल्या एका लहानशा दुकानात दिला. चाचांनी तारा उतरवल्या, घोडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ताई, घोडी चांगलीय, तारांनी चर पाडलेत.” मग कानस. दोनदा घासायची, तार चढवायची, छेडायची, पुन्हा उतरवायची. तार घोडीवरून एकदम सुटता कामा नये, उतारावर हलकेच घासत राहिली पाहिजे, तरच नाद फुलतो. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवला. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची तार अशी उघडली की तिच्यातला गंधार मला स्वच्छ ऐकू आला. कुणी न लावलेला, आपोआप आलेला. अंगावर काटा आला.

“कुणाचं गाणं ऐकता?” त्यांनी विचारलं. मी नावं सांगितली, आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब कधी आवडले नाहीत हेही सांगून टाकलं. आवाज बारीक, नाकातला. मला भरदार गळा लागतो. आत्या त्यांची तबकडी लावायची तेव्हा मी उठून आत जायचे. हे मी मिरजेत बोलत होते, जिथे खाँसाहेब राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात जिथे त्यांची कबर आहे.

चाचा रागावले नाहीत. भिंतीवरचा एक मर्दानी तंबोरा काढला, मोबाईलवर ‘पिया बिन नहीं आवत चैन’ लावलं आणि तंबोरा खाँसाहेबांच्या षड्जाला मिळवला. जुन्या ध्वनिमुद्रणात तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत नुसता गळा उरतो, आणि मी इतकी वर्षं त्या एकट्या गळ्याला नावं ठेवत होते. आता खाली चार तारा घुमत होत्या आणि तो बारीक आवाज त्यांच्यात विरघळत होता. त्या झिंझोटी रागातला निषाद कुठे संपतो आणि तारांचा नाद कुठे सुरू होतो ते कळेना. आवाज बारीक होता म्हणूनच तो त्या नादात शिरू शकत होता. भरदार गळ्यानं तंबोरा झाकून टाकला असता.

चाचा म्हणाले, खाँसाहेब स्वतः जवारी काढायचे. घरी येऊन वाचलं, तर खरंच वाद्यांच्या दुरुस्तीत त्यांचा हात होता. शिवाय आपल्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या अभ्यासातही त्यांनी गाऊन मदत केली होती. एवढ्या सूक्ष्म कानाच्या माणसाला मी ‘नाकात गातो’ म्हणून बाजूला सारलं होतं. १९३७ साली खाँसाहेब गेले. त्यांना समजून घ्यायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आता कामाबद्दल. जवारी, चारही नव्या तारा आणि एका खुंटीची दुरुस्ती मिळून चौदाशे रुपये झाले. जवारीला पूर्ण गुण. वेळेला नाही: तीन दिवस सांगून नऊ दिवस लागले आणि मधे फोनही उचलला नाही. तंबोऱ्याची गवसणी (कापडी खोळ) घरून न्या, तिथे कागदात गुंडाळून देतात. तुमचा सूर आधी सांगा (माझा काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी), जवारी त्या सुराला बेतून काढतात. आणि काम चालू असताना थांबा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते ठीकच, पण ते कशासाठी हे त्या कानशीपाशी बसल्यावर समजतं.

तंबोरा आणायला गेले त्या दिवशी दर्ग्यातही जाऊन आले. आता सकाळी आधी दहा मिनिटं नुसता तंबोरा छेडते आणि मग खाँसाहेब लावते. पावसाळ्यात दमट हवेनं सूर उतरेल, असं चाचांनी सांगून ठेवलंय. तेव्हा पुन्हा त्यांच्याकडेच नेणार आहे.