कर्मचाऱ्यांचं मन ओळखणारं अ‍ॅप: ५ पैकी ३ स्टार

आमच्या एचआरने कर्मचारी सर्वेक्षणाची एक ऑनलाइन सेवा घेतली आहे. नाव लिहीत नाही, कारण कुरकुर बरीच करणार आहे. मी बिलिंगची टीम सांभाळते. त्यामुळे प्रश्नांची उत्तरं मलाही द्यावी लागतात आणि टीमच्या उत्तरांचा डॅशबोर्डही माझ्याच पुढ्यात येतो.

वापरायला सोपं आहे, त्यात वाद नाही. दर पंधरवड्याला मोबाइलवर मोजके प्रश्न येतात, लिफ्टची वाट बघता बघता भरून होतात. पाचपेक्षा कमी जणांनी उत्तरं दिली तर त्या गटाचा निकाल दिसतच नाही. हे फार बरं केलंय. (तरी मोकळ्या रकान्यात ‘सदर बाबतीत’ अशी सुरुवात करणारा माणूस कोण, हे आख्ख्या मजल्याला कळतं, तो भाग वेगळा.)

खरी गडबड त्या एका आकड्यात आहे. पगार, खुर्ची, साहेबांचा स्वभाव, कामातली मजा, जबाबदारी, सगळं एकत्र करून दहापैकी गुण देणारा एकच ‘प्रेरणा निर्देशांक’ काढतात. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट यांच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्येच मांडलं होतं की माणूस वैतागतो त्याची कारणं वेगळी आणि कामात रमतो त्याची वेगळी. पगार, नियम, देखरेख यांतला त्रास गेला की कटकट थांबते, पण त्याने कामात जीव येतोच असं नाही. त्यांच्या या मांडणीवर पुढे टीकाही झाली, पण माझ्या टीमचा निकाल बघताना मला तीच आठवली. आमचं सारखं हँग होणारं सॉफ्टवेअर बदललं, लोक खूश झाले. त्याच सुमारास ग्राहकांचे छोटे परतावे स्वतः मंजूर करायचा त्यांचा अधिकार वरच्या साहेबांकडे गेला, लोक खट्टू झाले. निर्देशांक आधी ६.८, नंतरही ६.८. वरून मला मेल आला: ‘स्थिरता राखल्याबद्दल अभिनंदन.’

त्याहून वाईट म्हणजे टीम लीडरला मिळणाऱ्या आयत्या सूचना. काहीही झालं तरी उपाय एकच, बॅज पाठवा, पॉइंट द्या. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात कोडी सोडवायचे पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे कमी वळले. १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या ज्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं होतं, ती नंतर कमी चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकली. म्हणजे बक्षीस वाईट नाही, आधी लावलेलं आमिष वाईट. आमच्याकडे एक सीनियर नव्या पोरांना खाती जुळवायला आपणहून शिकवायचे. ‘मदत पॉइंट’ सुरू झाल्यावर तेच शिकवून झालं की विचारू लागले, “अ‍ॅपवर टाकशील ना?”

एक सोय मात्र लाखमोलाची आहे. निनावी शेऱ्याला, लिहिणारा कोण हे न कळता, उत्तर देता येतं. कुणीतरी लिहिलं होतं, ‘तीन सह्या होईपर्यंत ग्राहक चार वेळा फोन करतो आणि शिव्या मी खातो.’ मी तिथेच विचारलं, कुठल्या रकमेपर्यंत तुमची एकच सही पुरेशी वाटते? उत्तर आलं, मग आणखी दोघांनी भर घातली. ते सगळं घेऊन मी वर भांडले आणि लहान परताव्यांचा अधिकार परत टीमकडे आणला. या बदलात अ‍ॅपच्या आयत्या सूचनांचा वाटा शून्य.

पण हा उत्तराचा रकाना तिसऱ्या मेनूच्या आत दडवून ठेवलाय. शेरा वाचला गेला की नाही, हेही लिहिणाऱ्याला कळत नाही. वरच्या मंडळींनी तो रकाना कधी उघडलाच नाही, फक्त आलेख मेलवर फिरवले. पुढच्या फेरीला उत्तरं घटली आणि एकाने लिहिलं, ‘मागच्या वेळचंच कॉपी-पेस्ट करतोय.’

ज्यांचे साहेब शेरे वाचून उत्तर देणारे आहेत त्यांनी जरूर घ्यावं. नुसता आकडा हवा असेल तर साधा फॉर्मही चालेल. आणि डेमो बघताना बॅज बंद करता येतात का, तेवढं विचारून घ्या. आमच्या प्लॅनमध्ये ते बंद करता येत नाहीत.