नवा इनटेक बसवला, कंपनीचा एअर बॉक्स आणि सेन्सर गायब: बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या जुन्या गाडीवाल्यांनी वाचावं

निपाणी सोडून हद्द ओलांडली की हायवेलगत गाड्यांना बाहेरचा माल बसवून देणारी दुकानं लागतात. त्यातल्या एका दुकानानं माझ्या 2005 च्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला ‘इंपोर्टेड कोल्ड एअर इनटेक’ (इंजिनाला बाहेरची गार हवा पुरवणारी नळी-फिल्टरची जोडणी) म्हणून बनावट माल बसवला, 34,000 रुपये घेतले आणि गाडीतला कंपनीचा एअर बॉक्स (एअर फिल्टरचा डबा) व एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा भाग) काढून ठेवून घेतला. प्रकरण तक्रारीत आहे, त्यामुळे दुकानाचं नाव इथं घेत नाही. पण त्यांची पद्धत सगळ्यांना कळायलाच हवी. संकेश्वर, चिक्कोडी, खानापूरकडची जुन्या गाड्या जिवापाड जपणारी पोरं त्याच दुकानाचे व्हिडिओ एकमेकांना पाठवताहेत.

आरएसचं इंजिन 1.8 लिटरचं, टर्बो (म्हणजे पंख्यानं हवा दाबून इंजिनात भरणारं), 150 हॉर्सपॉवरचं. आता हिचे चांगले भाग शोधायचे म्हणजे पुण्या-मुंबईपर्यंत फोन करावे लागतात. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक होतं. ‘‘भावा, पंधरा-वीस हॉर्सपॉवर सहज वाढतंय. पिकअप बघच तू!’’ किटचे 19,500, रीमॅपचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलण्याचे) 12,000, फिटिंगचे 2,500 असा हिशेब त्यानं व्हॉट्सअॅपवर लिहून दिला. बिल मागितल्यावर म्हणाला, ‘‘कर्नाटकातली गाडी, कशाला जीएसटीचं लफडं? तुमचाच टॅक्स वाचतोय की.’’

काम झाल्यावर त्यानं मोबाइलच्या अॅपवर आधीचा आणि नंतरचा वेग दाखवला. फरक मोठा दिसला. सोबतच्या मित्रानं दोन्ही वेळा व्हिडिओ काढला होता, म्हणून ती लबाडी आता उघड दिसते. पहिल्या फेरीत एसी चालू होता, गाडीत चौघं होते आणि रस्ता चढाचा होता. दुसऱ्या फेरीत एसी बंद, दोघंच, आणि तोच रस्ता उलट दिशेनं उताराला. त्यात उघड्या कोन (शंकूच्या आकाराच्या) फिल्टरचा फुसकारा कानावर आला की गाडी जोरात सुटल्यासारखी वाटतेच. आवाज वाढतो, ताकद वाढत नाही.

याचं कारण साधं आहे. कंपनीचा एअर बॉक्स बंद डबा असतो आणि तो पुढच्या बाजूनं बाहेरची गार हवा ओढतो. तो काढून बॉनेटखाली उघडा कोन लावला की इंजिनच्या धगीतली हवा आत जाते. 30 अंशांची हवा 60 अंशांवर गेली तर साधारण 9 टक्के विरळ होते. तेवढीच हवा भरायला टर्बोला जास्त राबावं लागतं. खऱ्या कोल्ड एअर किटमध्ये म्हणूनच कोनाभोवती उष्णता अडवणारा पत्रा किंवा बंद कप्पा असतो आणि बाहेरून हवा आणणारी वेगळी नळी असते. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. शिवाय या इंजिनात कंपनीचा डबा हवेला फारसा अडवत नाही. बाकी काही न बदलता नुसता इनटेक बसवून पंधरा-वीस हॉर्सपॉवर मिळतील, हे कुणीही सांगितलं तरी खरं मानू नका.

जांबोटीमार्गे चोर्ल्याच्या रस्त्याला गाडी चढावर दम टाकू लागली आणि चेक इंजिनचा दिवा लागला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या मेकॅनिकनं लॅपटॉप जोडला. पी0171 हा कोड आला, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. मग त्यानं एअरफ्लो सेन्सरचं रीडिंग काढलं. या इंजिनाचा एक ढोबळ हिशेब आहे: हॉर्सपॉवरला 0.8 नं गुणलं की पूर्ण जोरात सेकंदाला किती ग्रॅम हवा दिसायला हवी ते कळतं. 150 ला 120 ग्रॅम. माझ्या गाडीत 90 सुद्धा दिसत नव्हते. सेन्सर हवा कमी मोजत होता आणि कॉम्प्युटर त्या खोट्या मापानं पेट्रोल सोडत होता.

सेन्सर बाहेर काढला तर त्यावर पार्ट नंबरच नाही. माझ्या जुन्या सर्व्हिसच्या फोटोत मूळ सेन्सरवरचा नंबर स्वच्छ वाचता येतो. म्हणजे एअर बॉक्स काढताना त्यावरचा सेन्सरही बदलला गेला. ‘अॅल्युमिनियम’च्या पाइपाला चुंबक लावलं, ते खटकन चिकटलं. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. हा रंग दिलेला लोखंडी पत्र्याचा पाइप होता. फिल्टरच्या पुढच्या, टर्बोकडच्या बाजूला आतून पांढरं फडकं फिरवलं तर त्यावर तांबडी रेघ उमटली. आपल्या खानापूर-जांबोटीकडची धूळ किती बारीक असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. ती थेट टर्बोत चालली होती, आणि टर्बोचं पातं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. हे बघून मला पैशापेक्षा जास्त संताप आला. चार-सहा महिने असंच चाललं असतं तर इंजिनाचं किती नुकसान झालं असतं!

रीमॅपही खोटं निघालं. ईसीयू म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल काढून मूळ फाइलशी ताडून पाहिली, काडीचाही बदल नव्हता. गाडी हातात आली तेव्हा घड्याळ शून्यावर होतं आणि रेडिओ कोड मागत होता. दोन्ही खुणा बॅटरीची तार काढल्याच्या आहेत. रीमॅपच्या नावावर एवढंच झालं होतं.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, ‘‘जुना डबा भंगारात गेला. कोण परत मागतंय ते?’’ आणि पुढे, ‘‘तुम्ही बेळगावचे, आम्ही महाराष्ट्रात. कुठं केस घालणार?’’ याच धमकीला घाबरून सीमाभागातले लोक गप्प बसतात, म्हणून हे नीट लक्षात ठेवा: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दुकान कोल्हापूर जिल्ह्यात असलं तरी मी बेळगावात तक्रार घातली. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचा हिशेब, मित्राचे व्हिडिओ आणि मेकॅनिकचा लेखी रिपोर्ट जोडला.

इनटेक बसवायचाच असेल तर गाडी आत घेण्याआधी एअर बॉक्स, सेन्सर आणि त्यांच्यावरच्या नंबरांचे फोटो दुकानदारासमोर काढा. काढलेला प्रत्येक भाग त्याच वेळी डिकीत ठेवून घ्या, बिघडलेला असला तरी. रीमॅपचे पैसे द्यायचे तर आधीची आणि नंतरची फाइल मागा.

माझ्या एअर बॉक्सच्या झाकणाची एक क्लिप तुटलेली आहे, तिथं तांब्याची तार गुंडाळली आहे, आणि आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटनं ‘22’ लिहिलेलं आहे. निपाणी, कागल, कोल्हापूर किंवा बेळगावात असा डबा कुणी विकायला आणला, तर घेऊ नका. फोटो काढा आणि मला कळवा.