'८ ते १६ वर्षे' छापलेला ट्रेनिंग किट: काय वापरावं, काय पिशवीतच राहू द्यावं

जमिनीवर अंथरून पावलं टाकायची लॅडर, सहा छोटी हर्डल, शंकू, एक मेडिसिन बॉल (फेकायचा जड चेंडू), रबरी बँड, उड्यांची दोरी, पाठीला बांधायचा पॅराशूट, स्टॉपवॉच आणि लॅमिनेट केलेलं वेळापत्रकाचं कार्ड. शाळकरी खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक किटमध्ये थोड्याफार फरकाने हेच असतं. यातल्या निम्म्या वस्तू खरंच कामाच्या आहेत. खोट आहे ती पिशवीवर छापलेल्या वयात. मुलींची उंची साधारण १२व्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची १४व्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते, पण एखाद्याची वर्षभर आधी तर एखाद्याची दोन वर्षं उशिरा. एकाच वर्गातल्या दोघांना एकच बॉल आणि एकच हर्डल देणं म्हणजे एकाच मापाचे बूट वाटण्यासारखं आहे.

आधी हर्डल, कारण किटमधली सर्वात उपयोगी वस्तू तीच. १५ सेंटिमीटरची घ्यावीत, किंवा १५ आणि ३० अशी उंची बदलता येणारी. पाय लागला की दोन्ही बाजूंना आडवी पडतील अशीच हवीत. काही स्वस्त सेटमधली फक्त पुढे पडतात. उलट्या बाजूने पाय अडकला की ती पडत नाहीत आणि मूल तोंडावर आपटतं. धावत ओलांडायची असतील तर दोन हर्डलमधलं अंतर कार्डावरून न घेता त्याच मुलाच्या पावलांनी मोजावं, टाचेला चवडा लावून ५ ते ६ पावलं. अंतर जास्त झालं की मूल पाय लांब फेकून टाचेवर उतरतं आणि दर पावलाला स्वतःलाच ब्रेक लावतं.

उडीसाठी वापरताना मात्र उंचीकडे दुर्लक्ष करून उतरण्याकडे बघावं. दोन्ही पायांनी एक हर्डल ओलांडायचं, उतरल्यावर २ ते ३ सेकंद तसंच थांबायचं. गुडघे आत वळले, धप्प आवाज आला किंवा तोल सावरायला जास्तीचं पाऊल टाकावं लागलं, तर ती उडी मोजायची नाही. हे सलग जमेपर्यंत सहाही हर्डल एका ओळीत मांडायची घाई नको. सुरुवातीला एका सत्रात ४० ते ६० उतरणी (उडी मारून जमिनीवर उतरणं) पुष्कळ झाल्या, आठवड्यात दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. कार्डावर दिलेल्या उड्या मोजल्या तर आकडा याच्या दुप्पट सहज भरतो, आणि त्यात मुलाच्या मूळ खेळातल्या उड्या धरलेल्याच नसतात.

मेडिसिन बॉल बहुधा एकच येतो, ३ किलोचा आणि कडक रबराचा. दहा वर्षांच्या मुलाला तो जड होतो. फेकण्याआधी कंबर मागे वाकली, किंवा फेक सुटायच्या ऐवजी ढकलल्यासारखी झाली, की वजन जास्त आहे समजावं. ८ ते १० वर्षांना १ किलो, त्यानंतर २ किलो हा ढोबळ हिशोब. ३ किलोचा बॉल वाढीचा झपाटा ओसरल्यावर. कडक रबरी बॉल भिंतीवर डोक्यावरून फेकला तर थेट तोंडावर परत येतो. न उसळणारा, मऊ आवरणाचा बॉल घेतलेला बरा, फक्त शिवण आणि हवा भरायची जागा नीट तपासावी, आत भरलेली वाळू तिथूनच गळते. छातीपासून सरळ, दोन्ही बाजूंनी आडवी आणि खालून वर अशा तीन फेकी, प्रत्येकी ६ ते ८, पूर्ण जोर लावून. दमेपर्यंत फेकत राहिलं की वेग जातो, आणि इथे तर वेगासाठीच फेकायचं असतं.

लॅडरबद्दल थोडं कडू बोलावं लागेल. व्हिडिओत ती झकास दिसते. पायांचा ताल आणि वॉर्म-अप यासाठी पाच मिनिटं ठीक, पण दिशा बदलण्याचं कौशल्य तिच्यातून येत नाही. त्यासाठी वेगात येऊन थांबावं लागतं, कंबर खाली घ्यावी लागते आणि समोर काहीतरी बघून ठरवावं लागतं. लॅडरवर मूल स्वतःच्या पावलांकडे बघतं. त्यापेक्षा ते शंकू घेऊन दोघांचा शिवाशिवीचा खेळ लावावा. गोल दांड्यांची लॅडर तर घेऊच नये, पाय त्यावरून सरकतो.

पॅराशूट पिशवीतच राहू द्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग अर्धा असेल तर ओढ पाव होते. लहान मुलाला तो जेमतेम जाणवतो, आणि वारा आडवा असला की वाकडं खेचतो.

बँड आणि दोरी ठीकठाक. बँड उन्हात ठेवला की तडकतो. ताणून बघावा, बारीक चीर दिसली की फेकावा. दोरीवर मधोमध एक पाय ठेवला की मुठी काखेपर्यंत आल्या पाहिजेत, त्याहून लांब दोरीने मूल खांद्यातून फिरवायला लागतं. स्टॉपवॉचवर १० मीटरची वेळ घेणं मात्र फसवं आहे. ती धाव दोन-सव्वादोन सेकंदांची, बोटाची ०.१ सेकंदाची चूक म्हणजे जवळपास ५ टक्के. मुलाने खरोखर केलेली सुधारणा बऱ्याचदा त्याहून कमी असते. स्टॉपवॉच विश्रांती मोजायला वापरावं: १० मीटरच्या धावेनंतर निदान एक मिनिट.

कार्डावर कोणत्या वयात वेग आणि कोणत्या वयात ताकद याच्या 'खिडक्या', म्हणजे त्या त्या गोष्टीचे ठरावीक काळ, रंगवलेल्या असतात. ही कल्पना क्रीडा-प्रशिक्षण तज्ज्ञ इश्तवान बाल्यी यांच्या खेळाडूंच्या दीर्घकालीन विकासाच्या मॉडेलमधून आली. २०११ साली अभ्यासकांनी ते मॉडेल तपासलं, तेव्हा या खिडक्यांना पुरेसा आधार नसल्याचं दाखवलं. २०१२ साली ऱ्होड्री लॉइड आणि जॉन ऑलिव्हर या अभ्यासकांनी मांडलेल्या मॉडेलमध्ये ताकद, वेग, चपळता हे सगळं बालपणापासून पुढे कायम चालू राहतं, फक्त भर कशावर द्यायचा ते बदलत जातं. कार्डं मात्र जुनीच छापली जातात.

आणि जी वस्तू या किटमध्ये हवीच होती तीच नसते: उंची मोजायची पट्टी. भिंतीवर टेप चिकटवली तरी चालते. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर सरळ, डोक्यावर पुस्तक आडवं धरून. वेळ नेहमी सकाळचीच, कारण दिवसभरात पाठीचा कणा दबून उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी भरते. दोनदा मोजावं, फरक ०.४ सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा. दर तीन महिन्यांनी मोजून फरकाला ४ ने गुणावं. १४८.२ वरून १५०.४ झाली, तर फरक २.२, म्हणजे वर्षाला ८.८ सेंटिमीटरचा वेग. दर महिन्याला मोजून १२ ने गुणणाऱ्यांच्या हाती मोजण्यातली चूकच बारापट होऊन येते.

एरवी वर्षाला ५-६ सेंटिमीटर वाढणारं मूल ७ च्या पुढे गेलं की उतरणी निम्म्यावर आणाव्यात. या काळात हाड आधी लांबतं, स्नायू आणि कंडरा मागून येतात, आणि कंडरा जिथे हाडाला जोडलेली असते ती वाढीची जागा नाजूक असते. गुडघ्याच्या वाटीखालचं टेंगूळ दुखणं किंवा टाचेच्या मागे दुखणं तिथूनच सुरू होतं. काल जमणारी उडी आज अवघडल्यासारखी येते, तो आळस नव्हे. अशा वेळी सराव बंद करायचा नाही: १५ सेंटिमीटरच्या हर्डलवरून चालत जाणं, एका पायावरचा तोल, हलक्या बॉलच्या फेकी आणि पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकण्याचा सराव चालू ठेवता येतो. ठणका रात्री राहिला किंवा मूल लंगडायला लागलं तर डॉक्टरांना दाखवावं.

पूर्ण किट एकगठ्ठा घेण्यापेक्षा सुटं घेतलेलं परवडतं: दोन्हीकडे पडणारी चार हर्डल, १ आणि २ किलोचे मऊ बॉल, दहा शंकू, मापाची दोरी आणि टेप. किट आधीच घरात असेल, तर कार्डाची मागची कोरी बाजू उंचीच्या नोंदींसाठी चांगली पडते, लॅमिनेटवर मार्कर पुसताही येतो.