घरगुती पल्स ऑक्सिमीटर: वापरानंतरचा अभिप्राय

बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण टक्क्यांत दाखवणारा हा छोटा पल्स ऑक्सिमीटर मी घरातील ज्येष्ठांसाठी जवळच्या औषधाच्या दुकानातून घेतला. कोविड आणि फ्लू या दोन्ही आजारांत तो वापरल्यावर, थर्मामीटरइतकाच तो घरात असायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे.

विषाणूजन्य न्यूमोनियात खरा धोका बहुधा तापाच्या पहिल्या दिवशी नसतो. फ्लूमध्ये प्रकृती काही दिवसांतच ढासळू शकते. कोविडमध्ये मात्र ही वेळ साधारणपणे दुसऱ्या आठवड्यात येते आणि तोवर विषाणूंची संख्या अनेकदा उतरणीला लागलेली असते. ज्या शरीरात इंटरफेरॉनचा (विषाणूंना रोखणाऱ्या प्रथिनांचा) पहिला प्रतिसाद उशिरा किंवा अपुरा मिळतो, तिथे पुढे प्रतिकारसंस्थाच आवरेनाशी होते: न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी फुफ्फुसांत गर्दी करतात, आयएल-६ सारखी सायटोकाइन्स (दाह वाढवणारी संदेशवाहक प्रथिने) वाढतात, केशवाहिन्या पाझरू लागतात आणि वायुकोशांत द्रव साचतो. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पोहोचतो, पण कार्बन डायऑक्साइड बराच काळ सहज बाहेर पडत राहतो. धाप लागल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होत असल्यामुळे, रुग्ण व्यवस्थित बोलत असतानाही पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा ८८ इतका कमी असू शकतो. तो घरच्या घरी दिसणे, हेच या यंत्राचे मोल आहे.

उपचारही याच आकड्याशी जोडलेले आहेत. ब्रिटनमधील २०२० च्या ‘रिकव्हरी’ या कोविड रुग्णांवरील चाचणीत, प्रतिकारसंस्थेचा अतिरेक शमवणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या दररोज ६ मिलिग्रॅम मात्रेने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना फायदा दिसला नाही. म्हणूनच ऑक्सिजन उत्तम असताना, केवळ तापाला घाबरून कोणीही स्वतःहून स्टेरॉइड सुरू करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या शोषणातील फरकावरून आकडा काढते. त्यामुळे हात गार असतील, नखांना नेलपॉलिश किंवा बोटांना गडद मेंदी असेल, तर तो भरवशाचा राहत नाही. खोक्यावर अधिक-उणे २ टक्क्यांची अचूकता लिहिली आहे, पण घरच्या वापरात ती गृहीत धरू नये. उन्हात पडदा नीट वाचता येत नाही, ही मला जाणवलेली उणीव. बोट स्थिर ठेवून, आकडा अर्धा-एक मिनिट टिकल्यावरच तो वहीत लिहावा. विश्रांतीत ९३ किंवा त्याहून कमी आकडा टिकून राहिला, तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

एक मर्यादा मात्र विक्रेते सांगत नाहीत. गडद त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, हे अमेरिकेतील अभ्यासांत दिसून आले आहे. आपल्याकडील अनेकांना हे लागू पडते. त्यामुळे निरोगी असतानाचा आपला आकडा आधीच लिहून ठेवावा आणि आजारपणात तो तिथून किती घसरला, हेही डॉक्टरांना सांगावे.