कॅलिफोर्नियाचा नवा रेल्वेमार्ग की ईशान्येचा जुना?

अमेरिकेत वेगवान रेल्वे हवी की नको, या वादात मला येथे शिरायचे नाही. ती हवी असे ज्यांचे मत झाले आहे, त्यांच्यापुढे त्याहून अवघड प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे सार्वजनिक पैसा आधी कोठे घालायचा. कॅलिफोर्नियाप्रमाणे सर्वस्वी नवा मार्ग टाकावा, की ईशान्येकडील बोस्टन–न्यूयॉर्क–वॉशिंग्टन या शंभराहून अधिक वर्षांच्या मार्गातील एकेक अडथळा दूर करत जावे? मी दोन्ही किनाऱ्यांवर राहिलो आहे, दोन्हीकडे कर भरला आहे, आणि 2008 साली कॅलिफोर्नियातील वेगवान रेल्वेच्या रोख्यांच्या प्रस्तावाला मतही दिले आहे. त्यामुळे माझे मत पूर्णपणे निःपक्षपाती असल्याचा दावा मी करणार नाही.

कॅलिफोर्नियाची योजना कागदावर आजही अधिक देखणी आहे. मतदारांनी 9.95 अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे अंतर 2 तास 40 मिनिटांत कापता आले पाहिजे, ही अट कायद्यातच घातलेली होती. त्या वेळी सुमारे 33 अब्ज डॉलर सांगितला गेलेला खर्च आता 100 अब्जांच्या घरात गेला आहे, आणि विरोधकांचा सगळा भर याच आकड्यावर असतो. मला स्वतःला तो आकडा तितकासा खटकत नाही. मोठी कामे अंदाजपत्रकात बसत नाहीत, याची आपल्याला पुरेशी सवय आहे. काम कोठून सुरू झाले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सपाट जमीन आणि संघराज्य सरकारच्या निधीच्या अटी यांमुळे ते मधल्या खोऱ्यात, फ्रेस्नोच्या आसपास सुरू झाले, आणि पहिला टप्पा मर्सेड ते बेकर्सफील्ड असा सुमारे 275 किलोमीटरचा ठरला. उत्तरेकडील पाचेको खिंडीतले आणि दक्षिणेकडील तेहाचापीच्या डोंगरातले बोगदे, म्हणजे खऱ्या अर्थाने अवघड काम, अद्याप पुढेच आहे. त्यातच जुलै 2025 मध्ये वॉशिंग्टनने सुमारे 4 अब्ज डॉलरचा निधी काढून घेतला.

बेकर्सफील्ड हे नाव ऐकले की मला बस आठवते. मधल्या खोऱ्यातून सध्या धावणारी साधी प्रवासी गाडी दक्षिणेकडे बेकर्सफील्डलाच संपते. पुढे तेहाचापीच्या डोंगरातून रूळ गेलेला आहे, परंतु ती वाट मालगाड्यांनी इतकी व्यापलेली आहे की प्रवासी गाडीला तेथे जागा नाही. त्यामुळे लॉस एंजेलिसला जाणाऱ्याने सामानासह उतरायचे, बसमध्ये चढायचे आणि महामार्गाने घाट ओलांडायचा. गाडीत चार-सहा तास निवांत वाचत बसलेला माणूस पुन्हा मोटारींच्या त्याच गर्दीत येऊन पडतो, जी टाळण्यासाठी त्याने रेल्वे निवडली होती. दादरला गाडी बदलणे निराळे. तेथे पुढची गाडी काही मिनिटांत येते, हे ठाऊक असते. येथे पाय अवघडलेल्या वृद्ध नातेवाइकांना घेऊन, संध्याकाळच्या वेळी, बॅगा मोजत बसच्या रांगेत उभे राहणे हा प्रकार मी सोसला आहे. त्यानंतर कोणत्याही नव्या मार्गाबद्दल माझा पहिला प्रश्न वेगाचा राहिला नाही. गाडी शहराच्या आत शिरते की वेशीवर सोडते, एवढेच मी विचारतो. नवी गाडी ताशी 350 किलोमीटरने धावली तरी, डोंगर फोडला जाईपर्यंत, ती बेकर्सफील्डलाच थांबणार आहे.

हाच दोष ब्राइटलाइन वेस्ट या खासगी कंपनीच्या लास व्हेगास मार्गातही आहे. महामार्ग क्रमांक 15 च्या मधल्या पट्ट्यातून मार्ग नेण्याची कल्पना जमीन-संपादनाचे झंझट टाळणारी आणि हुशारीची आहे, पण तो रँचो कुकामोंगाला संपतो. तेथून मध्यवर्ती लॉस एंजेलिस साधारण 60 किलोमीटर दूर असून तेथे पोहोचायला लोकल गाडीने आणखी तासाहून अधिक वेळ लागतो.

आता ईशान्येकडचा मार्ग पाहू. त्याची अब्रू झाकण्यात अर्थ नाही. बाल्टिमोरचा बोगदा 1873 सालचा असून त्यातून गाड्या ताशी सुमारे 48 किलोमीटर वेगाने जातात. न्यू जर्सीतून मॅनहॅटनमध्ये नेणारे हडसन नदीखालचे दोन बोगदे 1910 सालचे आहेत, आणि 2012 च्या सँडी वादळात त्यांत खारे पाणी शिरल्यापासून त्यांची दुखणी वाढतच गेली आहेत. न्यूयॉर्कच्या दक्षिणेकडील विजेच्या तारांची मूळ यंत्रणा 1930 च्या दशकातील आहे. कडक उन्हाळ्यात त्या तारा सैल पडतात आणि गाड्यांना वेग कमी करावा लागतो. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली नवी असेला, म्हणजे या मार्गावरची वेगवान गाडी, ताशी 257 किलोमीटरने धावू शकते, तरीही न्यूयॉर्क–वॉशिंग्टन हे सुमारे 360 किलोमीटरचे अंतर कापायला तिला जवळजवळ तीन तास लागतात. जपानी किंवा फ्रेंच माणसाला हे सांगताना थोडे ओशाळायला होते.

असे असूनही पारडे माझ्या मते याच बाजूला झुकते, आणि त्याचे कारण या मार्गाची दोन टोके आहेत. एक गाडी मॅनहॅटनच्या मध्यभागी भरते आणि वॉशिंग्टनला कॅपिटल या संसद भवनापासून पायी जाता येईल अशा अंतरावर रिकामी होते. मध्ये कोठेही उतरावे लागत नाही. शहरात शिरण्याचा हक्क या मार्गाने शतकापूर्वीच मिळवून ठेवला आहे, आणि आजच्या भावात सर्वांत महाग पडते ते नेमके हेच काम. न्यू जर्सीतील एडिसन–आयझलिन परिसरातल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. तेथील मेट्रोपार्क स्थानकात गाडीत बसलेला माणूस विमानतळाचे नावही काढत नाही.

शिवाय येथे घातलेला पैसा टप्प्याटप्प्याने उपयोगी पडतो. बाल्टिमोरला बांधला जात असलेला फ्रेडरिक डग्लस बोगदा किंवा हॅकेनसॅक नदीवरचा नवा पोर्टल पूल पूर्ण झाला की त्याचा लाभ वेगवान गाडीइतकाच रोज कामावर जाणाऱ्यांच्या गाड्यांनाही मिळतो, आणि पुढचे काम रखडले तरी झालेले काम वाया जात नाही. कॅलिफोर्नियात शेवटचा बोगदा होईपर्यंत आधीच्या खर्चाचे पूर्ण मोल मिळत नाही. मात्र तेथेही एक शहाणपण दिसते: सॅन होजे ते सॅन फ्रान्सिस्को हा जुना लोकलमार्ग 2024 मध्ये विजेवर आला आणि वेगवान गाडी त्याच रुळांवरून शहरात नेण्याचे ठरले आहे. फ्रान्सनेही 1981 मध्ये पॅरिस–लिआँ मार्गावर नवा रूळ रानात टाकला आणि शहरात शिरताना जुन्याच रुळांचा आधार घेतला.

ईशान्येच्या मार्गाला एक मर्यादा आहे, ती मान्य केली पाहिजे. त्याची वळणे वाफेच्या इंजिनांच्या काळातली आहेत, आणि विशेषतः कनेक्टिकटमध्ये ती सरळ करायची तर किनाऱ्यावरच्या वस्त्या हलवाव्या लागतील. तेव्हा दोन तासांत वॉशिंग्टन गाठण्याचे स्वप्न पाहणाऱ्याला दुरुस्तीचा हा रस्ता कदाचित निराश करील. आणि तुम्ही फ्रेस्नोला किंवा बेकर्सफील्डला राहत असाल, तर माझे हे सारे गणित तुमच्यासाठी उलटे ठरते: तुमच्या गावी गाडी थेट येणार आहे, बस पकडायची वेळ आमच्यासारख्या पुढे जाणाऱ्यांवर येईल.